बसलेली गाडी



थंडीत तुमचं तिकडे कसं काय चालतं, असं लोद-अश्दोदची आमची माणसं फोनवर नेहमी विचारतात. गाडीवर चालतं, हे आमचं ठरलेलं उत्तर. ह्या हिवाळ्यात मात्र गाडीच बसली. बंद पडली नाही, बसली. कुत्रं मागच्या पायांवर बसतं तशी, बूड जमिनीला आणि नाक वर.

ह्या लेखात ‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघे. लग्नाला ५३ वर्षे झाली, त्यातली बहुतेक कॅनडात, आता ‘मी’ म्हणायची सवयच राहिलेली नाही. आमच्यातला एक फिटर. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये तयार झालेला आणि इथे टोरोंटोच्या एका कारखान्यात मशिनं सांभाळून रिटायर झालेला. दुसरी नर्स, जे.जे.त शिकलेली. फिटरचे हात आता पार्किन्सनने थरथरतात आणि कान मशिनांनी नेले. नर्सचे हात-कान अजून शाबूत आहेत, पण पाना कुठल्या बाजूने फिरवायचा ते तिला विचारावं लागतं. दोघं मिळून कसाबसा एक मेकॅनिक होतो.

गाडी जुनी, अमेरिकन बनावटीची, लांबलचक. तिच्या मागच्या चाकांवर लोखंडी स्प्रिंग नाहीत. त्या जागी जाड रबराचे दोन फुगे आहेत. मुंबईच्या फियाट टॅक्सीला मागे पोलादी पट्ट्यांची कमान असायची, आठवतं ना? चार माणसं आणि एक ट्रंक टाकली की बूड खाली, आणि भायखळ्याच्या खड्ड्यात कमरेत दणका. (त्या पद्मिनी टॅक्सीही २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या.) आमच्या गाडीत माणसं बसली की मागच्या अॅक्सलजवळचा एक सेन्सर सांगतो, गाडी खाली गेली. मग बॉनेटखालचा लहानसा विजेचा कॉम्प्रेसर घुर्रर्र करतो, बारीक प्लास्टिकच्या नळीतून हवा मागे जाते, प्रत्येक फुग्याच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह उघडतो आणि गाडी पहिल्या उंचीवर येते. माणसं उतरली की जास्तीची हवा सुटते. खड्डा आला तर पोटातलं पाणी हालत नाही. टोरोंटोची बस स्टॉपवर म्हाताऱ्यांसाठी वाकते, तीही हवेच्या फुग्यांवरच.

ह्या वयात एवढी मोठी गाडी कशाला, असं मुलगी विचारते. कारण असं की यांच्या पाठीचे मणके झिजलेत, आणि आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. मुलीच्या छोट्या गाडीतून नेलं तर परतल्यावर दोन तास आडवं पडावं लागतं, व्यायामाचा फायदा तिथेच संपतो. यांनी लायसन्स स्वतःहून परत दिलं, ८० वर्षे पुरी व्हायच्या आधीच. त्या दिवसापासून गाडी चालवायची नर्सने आणि तिची देखभाल सांगायची फिटरने, अशी वाटणी आहे. त्यामुळे गाडी गेली तर फक्त गाडी जाणार नव्हती.

डिसेंबरपासून सकाळी गाडी खाली बसलेली दिसायची. सुरू केली की मिनिटाभरात वर यायची. आम्ही म्हटलं, थंडी. जानेवारीत कॉम्प्रेसरचं घुरघुरणं लांबत गेलं आणि एका सकाळी आवाजच आला नाही. समोर एअर सस्पेन्शनचा दिवा लागला. एका गॅरेजवाल्याने सगळं बदलायचा आकडा सांगितला, तो गाडीच्या किमतीहून जास्त. नाहीतर म्हणाला, फुगे काढून लोखंडी स्प्रिंग टाका. त्यात वावगं काही नाही, पुष्कळ लोक तेच करतात. कॅडिलॅकने १९५७ साली एल्डोरॅडो ब्रोअम ह्या महागड्या गाडीला हवेचे फुगे दिले, आणि पुढे कितीतरी मालकांनी गळती पायी कंटाळून तिला साधे स्प्रिंग बसवले. पण यांना ते मान्य नव्हतं. स्प्रिंगवर गाडी कडक होते, आणि फिटरच्या मनात ती हार असते.

यांनी आम्हाला न विचारता, म्हणजे घरातल्या दुसऱ्या ‘आम्हा’ला न विचारता, पेन्शनच्या पैशातून नवा कॉम्प्रेसर मागवला. शेजारच्या पंजाबी घरातला कॉलेजात जाणारा मुलगा आला. खुर्चीवर बसून यांनी सांगितलं, त्याने बसवला. किल्ली फिरवली. कॉम्प्रेसर छान सुरू झाला, खूप वेळ चालला, गाडी दोन बोटं उठली आणि थांबली. दिवा पुन्हा लागला.

त्यानंतर चार दिवस हे बोलले नाहीत. जेवले, औषधं घेतली, पण बोलले नाहीत. वॉर्डात अशी माणसं आम्ही पाहिली आहेत. त्यांना समजावायला जाऊ नये, काहीतरी काम हातात द्यावं.

काम इस्राएलहून आलं. दिमोनाचा भाचा बसच्या वर्कशॉपमध्ये होता. त्याचा फोन आला तेव्हा सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मामी, कॉम्प्रेसर आपल्या मरणाने मरत नाही. कुठेतरी हवा गळते, तो रात्रंदिवस भरत बसतो आणि तापून जळतो. गळती तशीच ठेवली तर नवाही जळेल. मामांना विचार, रिले बदलला का? जुन्या रिलेचे पॉइंट चिकटलेले असतात, मग पंप बंदच होत नाही.” मामांनी रिले बदलला होता. हे ऐकून मामा चार दिवसांनी बोलले, “मला काय शिकवतो?” चला, तोंड तरी उघडलं.

आणि आम्हाला एकदम जे.जे. आठवलं. छातीत नळी घातलेल्या पेशंटच्या बाटलीत बुडबुडे थांबेनात, तर सिस्टर काय शिकवायच्या? डॉक्टरांना विचारून नळीला छातीजवळ क्षणभर चिमटा लावून बघा. बुडबुडे थांबले तर हवा पेशंटकडून येते. चालूच राहिले तर नळी नाहीतर बाटली गळते. गाडीचंही तेच करायचं: एकेक तुकडा वेगळा काढायचा.

पहिला तुकडा पुढचा. कॉम्प्रेसर चालत होता, म्हणजे फ्यूज आणि रिलेचा प्रश्न नव्हता. नळी जिथे नव्या कॉम्प्रेसरमध्ये शिरते तिथे भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने लावलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, तीच विद्या. भराभर फेस फुगला. नळीचं जुनं टोक चरे पडलेलं होतं आणि पुरतं आत गेलं नव्हतं. यांनी सांगितलं, बोटभर कापा, पण काटकोनात, तिरकं नको. धारदार पातीने कापून नळी आत दाबली. इग्निशन बंद करून परत चालू केली आणि गाडी उठली! त्या मुलाने “अंकल!” म्हणून टाळी दिली. त्या रात्री आम्ही चिकन करी केली.

सकाळी डावी बाजू परत खाली.

मग रात्रीची परीक्षा. शिवणकामाच्या टेपने जमिनीपासून चाकावरच्या कमानीपर्यंत उंची मोजली: दोन्हीकडे २८ इंच. डिकीत ह्या यंत्रणेचा एक स्विच असतो, तो बंद केला, म्हणजे गाडी आपली आपण भरणार नाही की सोडणार नाही. (गाडीला जॅक लावण्याआधीही हा स्विच बंद करायचा असतो. हवेच्या भरवशावर उभ्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, हे यांनी त्या मुलाला तीनदा ऐकवलं.) सकाळी उजवीकडे पाव इंच कमी, डावीकडे अडीच इंच. दोन्हीकडचा पाव इंच थंडीचा, कारण गारठली की हवा आकसते. बाकीची मात्र गळती. स्विच बंद असताना व्हॉल्व्ह मिटलेले असतात, म्हणून पुढची नळी आणि कॉम्प्रेसर निर्दोष सुटले. चोर डाव्या फुग्यात, नाहीतर त्याच्या व्हॉल्व्हच्या मानेत.

फुगा घडीत फाटला असता तर खर्च होता. साबणाचं पाणी तिथे पोहोचेना, आणि बाहेर उणे १४, लावलं की गोठायचं. यांना फुसफुस ऐकू येईना. मुलाला येत होती, पण कुठून ते सांगता येईना, गॅरेजात आवाज घुमतो. तेव्हा कपाटातून जुना स्टेथोस्कोप काढला. पुढची चकती काढून टाकली, उघड्या नळीचं तोंड स्वयंपाकघरातल्या लाकडी कालथ्याला दोऱ्याने बांधलं. मुलाने गाडीची मागची चाकं लोखंडी रॅम्पवर चढवून पुढच्या चाकांना अटकाव लावला. पाट टाकून त्यावर बसलो आणि चाकामागून कालथा आत सरकवला. फुग्याच्या खालच्या घडीत शांत. बाजूला शांत. वर, मानेशी नेलं, तर कानात अशी शिट्टी की डोकं मागे घेतलं.

“मानेत आहे,” असं ओरडून सांगितलं.

“ओ-रिंग,” हे म्हणाले. “दोन असतील.” आणि हसले.

होत्याही दोनच. करंगळीच्या अंगठीएवढ्या रबरी कड्या, म्हातारपणाने कडक झालेल्या. कारखान्यातल्या माणसाला रिंग कशी विसरायला होते, असं हे स्वतःलाच बोलले, पण त्यात कडवटपणा नव्हता. चौघांच्या चहाला लागतील तेवढ्या पैशांत चार रिंगा आल्या. उजव्या बाजूच्याही बदलायच्या असं ठरलं, वय तेच.

व्हॉल्व्ह काढताना एक गोष्ट सांभाळायची. स्विच बंद, गाडी जॅकवर, खाली भक्कम स्टँड, चाक बाहेर. व्हॉल्व्ह डावीकडे वळवला की पहिल्या खाचेवर थांबतो, तिथे सगळी हवा सुटू द्यायची. पूर्ण सुटल्यावरच दुसऱ्या खाचेवर नेऊन ओढायचा, नाहीतर तोंडावर उडतो. नव्या कड्यांना सिलिकॉन ग्रीस चोळलं, व्हॉल्व्ह बसवला, चाक लावलं. मग लगेच गाडी खाली सोडायची नाही. रिकाम्या फुग्यावर वजन आलं तर त्याची घडी चुकते आणि तो फाटतो. बराचसा भार जॅकवरच ठेवून थोडी उतरवली, स्विच चालू केला, फुगे भरू दिले आणि मग पुरती सोडली.

त्या रात्री अंथरुणात हे म्हणाले, “म्हणजे माझा कॉम्प्रेसर फुकटच गेला, नाही का?”

“अहो, फुकट कसा? जुना मेलाच होता की. कशानं मेला ते आपण आधी विचारलं नाही, एवढंच.”

“तू विचारलं असतंस.”

“आम्हीही थंडीच म्हटलं होतं, डिसेंबरात.”

त्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, मुलाला स्टेथोस्कोपची ती नळी देऊन टाक, तो गाड्यांचंच शिकणार आहे. दिली नाही. दुसरी विकत घेऊन देऊ.

आता रोज सकाळी चहाच्या आधी गॅरेजात जाऊन टेप लावायचा आणि वहीत लिहायचं, वॉर्डात टी.पी.आर. लिहायचो तसं. तारीख, बाहेरचं तापमान, डावी, उजवी. आत आलो की हे चष्मा लावून वही मागतात. हस्ताक्षर नर्सचं, पण प्रत्येक ओळीपुढे फिटरची सही, थरथरती, चार खुणांची. मुलगी म्हणते, अजून किती दिवस मोजणार? आज दोन्हीकडे २८, बाहेर उणे ९. फिजिओथेरपीची वेळ साडेदहाची, सव्वानऊला निघू.