कप्तानाचं वेळापत्रक: कोलशेतला धाडलेली पत्रं

बाल्टिमोर, मेरीलँड
एप्रिल

चि. बाय,


दादाला सांग, पोचले, थंडी आहे, गुडघा बरा आहे. बाकीचं पत्र तुझ्यासाठी. इथे जे बघतेय ते घरात तुलाच कळेल.

मुलींचा लॅक्रॉसचा सामना पाहिला. एका संघात बाराजणी, प्रत्येकीच्या हातात टोकाला जाळी असलेली काठी. चेंडू जाळीत झेलायचा, मनगट झुलवत पळायचं म्हणजे तो पडत नाही, आणि काठी फिरवून गोलात मारायचा. पुरुष दहा असतात, हेल्मेट आणि पॅड चढवून एकमेकांना रेटतात. मुलींना डोळ्यांवर जाळीचा चष्मा आणि दातांचं रक्षक, बास. जोरात अंगावर गेलं की शिट्टी. गोलावर नेम धरलेल्या मुलीच्या वाटेत नुसतं आडवं उभं राहिलं तरी फाऊल! उभा जन्म कबड्डीच्या पकडी शिकवण्यात गेलेल्या बाईला हे पटायला दोन क्वार्टर लागली.

खेळ मूळचा इथल्या आदिवासींचा, पण मुलींचा खेळ स्कॉटलंडला वळसा घालून आलाय. सेंट अँड्र्यूजच्या सेंट लिओनार्ड्स शाळेत १८९० साली मुली तो खेळल्या. त्याच शाळेत शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ साली बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत तो सुरू केला. शाळेत खेळ शिकवणारी बाई, म्हणजे माझ्याच धंद्यातली.

तुझ्या आईच्या मावसबहिणीची लेक तिच्या कॉलेजच्या संघाची कप्तान आहे. जीवशास्त्राचं तिसरं वर्ष. मला वाटलं कप्तान म्हणजे आपल्याकडच्यासारखी, पहिली चढाई तिची. ही सामन्यात जेमतेम उतरली. बाकीचा वेळ कडेला उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडत होती. कप्तान मुलींनीच मत देऊन निवडलीय. एकीचं रसायनशास्त्र कच्चं आहे, दुसरीला घरची आठवण येऊन रडू येतं, हे कोचच्या आधी हिला ठाऊक असतं. आपण कप्तान निवडताना गुण मोजतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं.

तिचा दिवस सहाला व्यायामशाळेत सुरू होतो. मग तास, दुपारी प्रयोगशाळा, साडेचारला सराव, रात्री ग्रंथालय. परगावच्या सामन्याला जाताना बसमध्ये निबंध. आता तू म्हणशील, यात काय, मीही टीएमटीच्या बसमध्ये उभ्याने वाचते. फरक पुढे आहे. सत्राच्या सुरुवातीलाच सामन्यांच्या तारखांचं पत्र प्राध्यापकांच्या हाती पडतं. परीक्षा आडवी आली तर आधी किंवा नंतर घेतात, कधी परगावी कोचच्या देखरेखीखाली. मोठ्या, पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांना तर एनसीएए या संघटनेचा नियमच आहे: हंगामात आठवड्याला २० तासांवर खेळ नाही, दिवसाला ४ तासांवर नाही, आठवड्यात एक दिवस सुट्टी. पळवाटा आहेतच. ‘ऐच्छिक’ सराव नावाचा प्रकार तासांत धरत नाहीत, आणि ऐच्छिक सरावाला दांडी मारणारी कप्तान मी तरी ऐकली नाही. तरी पण कुणीतरी तिचे तास मोजतंय.

तुझे तास कोण मोजतं? हजेरीवाले हजेरी मोजतात, एनएसएसवाले दोन वर्षांचे २४० तास, कबड्डी मंडळाचे सर चढायांतले गुण. सगळ्यांची बेरीज होते ती तुझ्या अंगावर.

तुझी आत्या

बाल्टिमोर
एप्रिल अखेर

चि. बाय,

सगळंच गोड आहे असं समजू नकोस. आपली कप्तान ज्या तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात आहे तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, तसा नियमच आहे. फी आईबापांनी भरायची, आणि ती ऐकून मी पाणी मागितलं. काठी, बूट, लहानपणापासूनची शिबिरं हा खर्च वेगळाच. त्यामुळे हा खेळ बराचसा सुखवस्तू गोऱ्या घरांतच राहिला. याच शहरातल्या मॉर्गन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाने १९७० साली संघ उभा केला, १९७५ साली वॉशिंग्टन अँड ली या बलाढ्य संघाला हरवलं, आणि १९८१ साली तो संघ बंद झाला.

आता न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये २००८ साली सुरू झालेली हार्लेम लॅक्रॉस ही संस्था बाल्टिमोरच्या शाळांतही काम करते. त्यांची पद्धत मला फार आवडली. संस्थेचा माणूस पूर्ण दिवस शाळेतच असतो. दिवसा त्या मुलांचा अभ्यास बघतो, शाळा सुटली की त्यांनाच मैदानावर घेऊन जातो. सकाळी गणितात गडबड करणारा पोरगा संध्याकाळी त्याच्याच हाताखाली असतो, मग सुटतो कुठे! हे वाचून मला माझी शाळा आठवली. तिथे गणिताच्या बाई आणि मी एकाच मुलीबद्दल वर्षभर भांडत होतो, आणि ती मुलगी दोघींना घाबरून दोन्हीकडे कमी पडत होती.

पैशांवरून आठवलं, पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावाने वर्गणी काढली, आणि १९५२ साली स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. सांगताना माझा ऊर भरून यायचा. इथे बसून वाटतं, एका प्राचार्यावर घर गहाण टाकायची पाळी आली यात शरमेची बाजूही तेवढीच आहे, ती मी मुलींना कधी सांगितली नाही.

वहिनीला म्हणावं, सुकट संपत आली. लोक नाकाला रुमाल लावतात, तरी मी भाजतेच.

आत्या

सिराक्यूज, न्यूयॉर्क
मे

चि. बाय,

इथून हाकेच्या अंतरावर ओनोंडागा लोकांची वस्ती आहे. हॉडेनोशोनी म्हणजे सहा राष्ट्रांचा संघ, त्यातलं हे एक. लॅक्रॉस त्यांचा. आपण ज्याला खेळ म्हणतो त्याला ते औषध मानतात: कुणी आजारी पडलं, गावावर संकट आलं, की त्या माणसासाठी सामना ठेवायचा. पोराच्या पाळण्यात छोटी काठी ठेवतात, माणूस गेला की त्याच्याबरोबर काठी पुरतात. हिकरीचं लाकूड फोडून, वाफेवर वाकवून, महिनोन्महिने सुकवून काठी करायची. आल्फी जॅक्स हे नावाजलेले काठीकार २०२३ साली गेले.

लाकडी काठीला बायकांनी हात लावायचा नाही ही जुनी रीत. मला आवडली नाही, तुलाही आवडणार नाही. पण त्यांच्याच मुलींचा संघ २०२२ साली बाल्टिमोरजवळ टाउसनला जागतिक स्पर्धेत खेळला.

तुला इथल्या एका माणसाबद्दल सांगायचंय. ओरेन लायन्स, ओनोंडागाचे. सिराक्यूज विद्यापीठात चित्रकला शिकले, आणि १९५७ साली एकही सामना न हरलेल्या संघाचे गोलरक्षक होते. त्याच संघात पुढे फुटबॉलमध्ये गाजलेला जिम ब्राउन होता. लायन्स न्यूयॉर्कला चित्रकार म्हणून नोकरी करून १९७० साली वस्तीत परतले, परंपरेचे राखणदार झाले, बफेलोच्या विद्यापीठात शिकवलं, आपल्या लोकांची बाजू संयुक्त राष्ट्रांपर्यंत नेली. १९८३ साली सहा राष्ट्रांचा मिळून लॅक्रॉसचा एक संघ उभारण्यात पुढाकार घेतला. हा संघ स्वतःच्या पासपोर्टवर प्रवास करतो. २०१० साली ब्रिटनने तो पासपोर्ट मानला नाही आणि मँचेस्टरची जागतिक स्पर्धा हुकली, पण पासपोर्ट बदलला नाही. पुढे २०२२च्या वर्ल्ड गेम्समधून आधी वगळलं, तेव्हा आयर्लंडने आपली जागा त्यांना सोडली! २०२८ला लॉस एंजेलिसला लॅक्रॉस पुन्हा ऑलिंपिकमध्ये येतोय, आणि ज्यांचा खेळ त्यांना स्वतःच्या झेंड्याखाली उतरता यावं म्हणून झगडावं लागतंय. कारण काय, तर त्यांची राष्ट्रीय ऑलिंपिक समिती नाही.

ओनोंडागा तळं त्यांना पवित्र. रासायनिक कारखान्याने त्यात पारा सोडला, १९७० साली मासेमारीच बंद करावी लागली. काठावर उभी राहून मी आपल्या खाडीचाच विचार करत होते. दादा सँडोजच्या ज्या कारखान्यात पाळीला जायचा तिथे आता टॉवर आहेत, आणि खाडीत जाळं टाकणारे हाताच्या बोटांवर मोजावेत.

लायन्स यांनी अभ्यास, नेतृत्व, सेवा आणि खेळ असे चार वेगळे डबे भरले असतील असं मला वाटत नाही. तुमच्या मंडळातही तसंच आहे. जी पोरं मैदानाची माती मळतात तीच गणपतीची वर्गणी काढतात, तीच रक्तदान शिबिरात खाटा लावतात. ते कुठे कुणी तासांत मोजलंय? कॉलेजच्या वहीत मात्र ‘ग्रामस्वच्छता, ४ तास’ असं लिहावं लागतं. लिही बापडी, दहा गुण मिळत असतील तर सोडू नकोस.

वहिनी फोनवर म्हणाली की प्रात्यक्षिक परीक्षा आणि आंतरमहाविद्यालयीन सामने एकाच दिवशी आलेत, आणि तू ‘बघते मी’ म्हणालीस. तू काही बघायचं नाही. सोबत अर्ज लिहून पाठवतेय. प्राचार्यांच्या नावाने आहे, विभागप्रमुखांना प्रत. खेळाच्या सरांची सही आधी घे, सामन्यांचं वेळापत्रक मागे टाच. सवलत मागितलेली नाही, प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या बॅचमध्ये बसवा एवढंच म्हटलंय. तुझ्यासारख्या आणखी कुणी मुली अडकल्या असतील तर त्यांचीही नावं खाली घाल, जागा सोडली आहे. कार्यालयात देताना पोच घे, शिक्क्यासकट. ते ‘नंतर या’ म्हणतील. बाकावर बसून राहा, पुस्तक बरोबर ने.

तुझी आत्या