शार्दँचा साबणाचा फुगा

झाँ-सिमेओं शार्दँ या फ्रेंच चित्रकाराने १७३३-३४च्या सुमारास ‘साबणाचे फुगे’ हे तैलचित्र रंगवले. दगडी कठड्यावर रेललेला एक तरुण नळीने फुगा फुगवतो आहे, शेजारी पेल्यात साबणाचे पाणी आहे आणि मागून एक लहान मूल डोकावते आहे. विषय एवढाच.

फुग्याचा रूढ अर्थ मात्र जुना आहे. माणूस म्हणजे बुडबुडा, ही लॅटिन म्हण विद्वान इरॅस्मसच्या म्हणींच्या संग्रहामुळे युरोपभर पोचली. डच कलाकार हेंड्रिक गोल्त्सियसच्या १५९४च्या कोरीवचित्रात फुगे उडवणारे मूल कवटीवर रेललेले आहे. तिथे शंकेला जागाच नाही. शार्दँकडे कवटी नाही, विझलेली मेणबत्ती नाही. म्हणून त्याच्या चित्रावर ‘आयुष्याची क्षणभंगुरता’ अशी चिठ्ठी चिकटवून मोकळे होणे ही घाई ठरते. त्या काळातही अर्थ एकच नव्हता: कोरीवकार फियोलने १७३९मध्ये केलेल्या कोरीव प्रतीखालच्या ओळींनी हाच फुगा स्त्रियांच्या चंचलपणाशी जोडला. चित्रात त्याला कसलाच आधार नाही.

अशा चित्राचा भाव आधी रंगात आणि देहबोलीत शोधावा, प्रतीक नंतर. तरुणाचा कोट खांद्याशी उसवला आहे, पण त्याचे तिकडे लक्ष नाही. हात कठड्यावर टेकलेले, नजर खाली, श्वास मोजून सोडलेला. पार्श्वभूमी तपकिरी आणि रिकामी, त्यामुळे डोळा कुठे भरकटत नाही. फुगा पूर्ण फुगलेला, जडावून किंचित लोंबणारा. तो पुढच्या क्षणी फुटणार हे पाहणाऱ्याला कळते, पण तरुणाला त्याची चिंता नाही. क्षणभंगुरता चित्रात आहेच, फक्त ती उपदेश होत नाही. फुटणाऱ्या वस्तूला दिलेले इतके संपूर्ण लक्ष, हाच इथला भाव आहे. मागच्या मुलाचे कुतूहल हा भाव आणखी गाढ करते.

झाँ-बाप्तिस्त ग्रझ या फ्रेंच चित्रकाराचे चित्र मात्र वेगळ्या रीतीने वाचावे लागते. १७६५च्या सालाँ या पॅरिसमधल्या कलाप्रदर्शनात मांडलेल्या त्याच्या चित्रात एक मुलगी मेलेल्या पक्ष्यासाठी शोक करते. तिचे दुःख पक्ष्यापुरते नाही, असे लेखक-समीक्षक दिदरोने तेव्हाच लिहिले आणि त्या मुलीशी कल्पनेत लांबलचक संवादही केला. ग्रझला तेच हवे होते: मान कललेली, हात कपाळाशी, सारे काही पाहणाऱ्याला प्रश्न विचारायला लावणारे. तिथे प्रतीकापासून सुरुवात करणे रास्तच आहे.