मातोश्रींची खोली

घर रंगविण्याच्या विषयावर आम्हीं लेखणी उचलावी, हें पाहून आमच्या ओळखीच्या मंडळींस हंसूं आल्याखेरीज राहणार नाहीं. आमचा या कलेशीं संबंध एकाच खोलीपुरता आला, आणि त्या एका खोलींत आम्हांस तीन वेळां हात घालावा लागला. परंतु ज्यांस पहिल्याच खेपेस यश येतें त्यांच्यापाशीं सांगण्यासारखें थोडेंच असतें. आमच्यापाशीं पुष्कळ आहे. वाचक-भगिनींनीं त्यांतून आपल्या उपयोगाचें तेवढें वेंचून घ्यावें.

ही खोली शिरपूर येथील आमच्या जुन्या घराच्या पश्चिमेच्या अंगाची. घर धाब्याचें, भिंती मातीच्या आणि चांगल्या जाडजूड. अरुणावतीकांठचें हें गांव उन्हाळ्यांत कसें तापतें तें खानदेशी वाचकांस सांगावयास नको. वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जाऊन बसतो आणि दुपारीं वारा भट्टींतून आल्यासारखा लागतो. या खोलींत आमच्या मातोश्री राहतात. त्यांचें वय ८३ वर्षांचें असून काचबिंदूमुळें त्यांची दृष्टि फार मंदावली आहे. गेल्या वर्षीं सुटींत धाकटी भगिनी मुलांसह येणार होती, म्हणून त्यापूर्वीं खोलीस नवें रूप द्यावें असें आमच्या मनानें घेतलें.

बाजारांत जो तो प्लॅस्टिकच्या रंगाची शिफारस करीत होता. मातीच्या भिंतीस तो मानवत नाहीं, एवढें मात्र आम्हीं वाचलें होतें. अशी भिंत जमिनींतून ओल शोषून घेते व ती हवेंत सोडून देते. तिच्यावर अभेद्य पापुद्रा चढविला म्हणजे ओल आंत कोंडते, खार फुटतो, आणि एक-दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे सुटूं लागतात. म्हणून आम्हीं चुना निवडला. निवड योग्य होती, वेळ मात्र सर्वस्वी अयोग्य निवडली.

कळीचा चुना आणून आम्हीं तो मोठ्या पिंपांत विझविला. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, ती ही कीं, पाण्यांत थोडथोडा चुना टाकावा, चुन्यावर एकदम पाणी ओतूं नये. तो उसळून डोळ्यांत गेला तर डोळाच गमावण्याचा प्रसंग. पिंप लोखंडाचें असावें आणि मुलांस त्या दिवशीं अंगणांत फिरकूं देऊं नये. दुसऱ्या दिवशीं जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यांतून चुना गाळला, त्यांत डिंकाचें पाणी आणि चिमूटभर नीळ घातली, आणि भर दुपारीं, काम लवकर उरकावें या हौसेनें, कोरड्या ठणठणीत भिंतीवर दाटसर थर चढविला. अर्ध्या घटकेंत भिंत अशी शुभ्र दिसूं लागली कीं, आमच्या सौभाग्यवतींनींही, ज्या आमच्या कामास सहसा चांगलें म्हणत नाहींत, मान डोलविली.

दुसऱ्या दिवशीं मातोश्री भिंतीस टेकून बसल्या आणि उठल्या त्या पाठभर पांढऱ्या होऊन. "अरे, हा रंग भिंतीला दिलास कीं मला?" असें त्यांनीं विचारलें. मुलांच्या हातांस, उशांस, पोथीच्या वेष्टनास, सर्वांस चुना लागूं लागला. शेवटीं एका वृद्ध रंगाऱ्यास बोलाविलें. त्यानें भिंतीवरून बोट फिरविलें, तें आमच्यापुढें धरलें आणि अहिराणींत एवढेंच म्हणाला, "भाऊ, भितले पहिले पानी पाजा."

त्याच्या त्या एका वाक्यांत सगळें रसायनशास्त्र आहे. चुना वाळून घट्ट होत नसतो. हवेंतील कार्बनी वायु हळूहळू शोषून त्याचा पुन्हा दगड बनतो आणि या क्रियेस ओलावा अवश्य लागतो. तापलेल्या, कोरड्या भिंतीनें पाणी एका क्षणांत पिऊन टाकलें कीं ती क्रिया अर्ध्यावर थांबते व मागें नुसती पूड राहते. म्हणून आपल्याकडे हें काम पावसाळा सरल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास करण्याची चाल आहे, ती केवळ सणापुरती नव्हे. उन्हाळ्यांत करणेंच झालें तर आदल्या संध्याकाळीं भिंत भिजवावी, सकाळीं लवकर पुन्हा पाणी शिंपडावें, चुना दुधासारखा पातळ ठेवावा, आणि एका दाट थराऐवजीं एकेका दिवसाच्या अंतरानें तीन पातळ हात द्यावे. पहिला हात अगदीं पारदर्शक, निराशाजनक दिसतो. तिकडे लक्ष देऊं नये. आम्हीं सगळी भिंत खरडून याप्रमाणें केलें, तेव्हांपासून आजवर कोणाच्या पाठीस चुना लागलेला नाहीं.

रंगच्छटा हवी असल्यास पिवडी, गेरू, काजळी हीं जुनीं द्रव्यें चुन्याशीं उत्तम जुळतात. अजिंठ्याचीं लेणीं आमच्या खानदेशाच्या उंबरठ्यावरच आहेत. तेथील चित्रकारांनीं मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन त्यावर काव, पिवळी माती, काजळी, हिरवी माती असल्याच रंगांनीं चित्रें काढलीं; निळा दगड तेवढा परदेशांतून आणविला. त्यांच्या चित्रांशीं आमच्या भिंतीची तुलना करण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु १९२० च्या सुमारास तीं चित्रें टिकावीं म्हणून त्यांवर लाखेचें रोगण चढविण्यांत आलें व तेंच पुढें पिवळें पडून चित्रें झांकोळलीं, ही हकीकत भिंत चकचकीत करूं पाहणाऱ्यांनीं अवश्य आठवावी.

आतां तिसरी खेप. लांकडी दार व चौकट यांस तैलरंग देणें भाग होतें. जुना रंग कोरडा खरवडूं नये, पाणी मारून घांसावा, धूळ ओल्या फडक्यानें पुसावी व लहान मुलांस जवळ येऊं देऊं नये. कारण जुन्या तैलरंगांत शिसें असतें. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दर दहा लक्ष भागांत ९० भागांवर आणणारे नियम आपल्या सरकारनें २०१६ सालीं केले व ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले; त्यापूर्वींच्या थरांविषयीं शंका घेणेंच बरें. एवढी सावधगिरी आम्हीं पाळली. पुढें मात्र आमची रसिकता आडवी आली. एका रंगपुस्तिकेंत भिंत, दार, चौकट, पडदा सर्व एकाच दुधाळ रंगाचें पाहून आम्ही मोहित झालों. चौकटीवर खांचाखोंचा फार होत्या, त्या लांबी भरून गुळगुळीत करविल्या आणि वर भिंतीसारखाच पांढुरका रंग दिला. भिंतीच्या पायथ्याशीं असलेला गेरूचा जुना पट्टाही गांवठी वाटला, म्हणून पुसून टाकला.

त्याच रात्रीं मातोश्री पाणी पिण्यास उठल्या. त्यांस दार सांपडलें नाहीं. आम्ही आवाज ऐकून धांवलों तेव्हां त्या भिंतीशीं खालीं बसल्या होत्या व कपाळावर टेंगूळ आलें होतें. दैव बलवत्तर म्हणून हाड मोडलें नाहीं. "दार कुठें नेलेंत रे?" असें त्या म्हणाल्या, आणि त्यांत राग मुळींच नव्हता, हें आम्हांस अधिक लागलें.

काचबिंदूच्या डोळ्यास रंगापेक्षां रंगांतील फरक उपयोगी पडतो. गडद चौकट त्यांस धूसर का होईना दिसे. गेरूच्या पट्ट्यामुळें जमीन कोठें संपते व भिंत कोठें सुरू होते हें कळे. आणि ज्यांस आम्ही खांचाखोंचा म्हणत होतों त्या कैलासवासी वडिलांनीं दर पाडव्यास आम्हां भावंडांस चौकटीशीं उभें करून, उंचीबरहुकूम चाकूनें पाडलेल्या खुणा होत्या. अंधारांत त्यांवर हात ठेवूनच मातोश्री इतकीं वर्षें बाहेर येत असत. ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती, कारण आम्हीं ती कधीं विचारली नव्हती.

दुसऱ्याच दिवशीं चौकटीस गर्द तपकिरी रंग दिला, पट्टा पुन्हा गेरूचा ओढला, दिव्याच्या बटणाभोवतीं काळी किनार केली, आणि दिवा असा हलविला कीं प्रकाश भिंतीवर पडावा व डोळ्यांत शिरूं नये. खुणांतील लांबी मात्र रंगाऱ्यास उकरूं दिली नाहीं. तें काम भगिनीनें व आम्हीं दाभण घेऊन दोन दुपारीं बसून केलें. संपल्यावर मातोश्रींस आणून चौकटीशीं उभें केलें. त्यांनीं वरपासून खालपर्यंत सावकाश हात फिरविला.

"खालून दुसरी अजून भरलेलीच आहे," त्या म्हणाल्या.

ती आम्हीं तेथल्या तेथें उकरली.