कोपऱ्यातले तीस मायक्रॉन

सीएमएमचा, म्हणजे कोऑर्डिनेट मेजरिंग मशीनचा, छापील रिपोर्ट टेबलावर आला की कारखान्यातली चर्चा तिथेच थांबते. हे मला अजूनही खुपतं.

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याचा ॲल्युमिनियम हाउसिंगचा लॉट अशाच एका कागदावर परत आला होता. बोअर तळाच्या फेसशी काटकोनात हवा होता, मर्यादा 0.05 मिमी. ग्राहकाच्या सीएमएमने 0.054 दाखवलं. कारखान्यात तोच नग ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर ठेवून, बोअरमध्ये मँड्रेल घालून डायल लावला तेव्हा 0.034 आलं होतं. ड्रॉइंग एकच आणि नगही एकच.

मालक साठीचे, लेथवर उभं राहून वर आलेले. नग कापडात गुंडाळून ते ग्राहकाच्या इन्स्पेक्शन रूममध्ये गेले. मोजमापाचं काम करणारा म्हणून मीही सोबत होतो. “साहेब, एकदा प्लेटवर बघून घ्या,” ते म्हणाले. “काका, मशीन खोटं बोलत नाही,” तरुण इन्स्पेक्टर म्हणाला. तो उर्मट मुळीच नव्हता. त्याने त्यांच्यासमोर नग पुन्हा लावला, प्रोग्रॅम चालवला, आणि पुन्हा 0.054 आलं. खोलीतल्या सगळ्यांना हा पुरावा वाटला. मालक खाली बघत राहिले.

पण दोनदा तेच उत्तर आलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. प्रोब त्या फेसवर चारच ठिकाणी टेकत होता, 120 बाय 80 मिमीच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांवर. त्यातल्या एका कोपऱ्याशी क्लॅम्पच्या दाबाने फेस सुमारे 30 मायक्रॉन दबलेला होता. बाकी फेस चांगला होता. सॉफ्टवेअरने चार बिंदूंमधून लीस्ट स्क्वेअर पद्धतीने प्रतल बसवलं. ही पद्धत सगळ्या बिंदूंची सरासरी सांभाळते, त्यामुळे दबलेल्या कोपऱ्याने अख्खं प्रतल स्वतःकडे कलवलं. हिशेब कागदावर करता येतो: 120च्या दिशेने 0.015, 80च्या दिशेने तेवढाच कल. बोअरच्या 90 मिमी लांबीवर दोन्ही मिळून सुमारे 0.02. प्लेटवरच्या आणि सीएमएमवरच्या आकड्यांत नेमकं एवढंच अंतर होतं.

ग्रॅनाइटवर ठेवलेला नग त्या खळग्याला विचारत नाही, तो उंच जागांवर टेकतो. असेंब्लीतही तो तसाच टेकणार असतो. डेटमची, म्हणजे ज्याच्या आधाराने माप घेतात त्या संदर्भाची, मूळ कल्पनाही हीच आहे: फेसला बाहेरून स्पर्श करणारं प्रतल. आयएसओ 5459 आणि अमेरिकेचं वाय 14.5 ही दोन्ही मानकं त्याच दिशेने बोलतात. धातूच्या आत शिरणारं सरासरी प्रतल हा डेटम नव्हे.

हे दुखणं जुनंच आहे. 1988 साली अमेरिकेत सरकार आणि उद्योग यांच्या माहिती-देवाणघेवाणीच्या यंत्रणेतून एक इशारा निघाला होता: सीएमएमच्या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरची उत्तरं जुळत नाहीत. पुढे तिथल्या एनआयएसटी या राष्ट्रीय संस्थेने अशा सॉफ्टवेअरची चाचणी घ्यायला सुरुवात केली. आज चांगल्या सॉफ्टवेअरचं गणित सहसा चुकत नाही. कोणतं गणित लावायचं, हे मात्र प्रोग्रॅम लिहिणाराच ठरवतो, आणि ते रिपोर्टवर बहुधा छापलं जात नाही.

बोअरच डेटम असला की गोष्ट आणखी फसवी होते. तीन जॉच्या चकमध्ये घट्ट धरून बोअर केला की नग सुटल्यावर त्याचा आकार किंचित तिकोनी होतो. त्रिज्येत फरक फक्त अधिक-उणे 5 मायक्रॉन धरा. समान अंतरावर बरेच बिंदू घेतले तर केंद्र जागेवरच येतं. चारच बिंदू घेतले, आणि त्यातला एक नेमका फुगवट्यावर पडला, तर केंद्र पूर्ण 5 मायक्रॉन सरकतं. पोझिशन व्यासात मोजतात, म्हणून दुसऱ्या कुठल्याही निर्दोष छिद्राच्या नावावर 10 मायक्रॉनचा दोष चढतो.

त्या दिवशी माझा सगळा राग लीस्ट स्क्वेअरवर होता. आता तसं म्हणवत नाही. भरपूर बिंदू घेतले तर ही पद्धत स्थिर असते. उलट उंच बिंदूंवर बसवलेलं प्रतल एखाद्या बरने (धातूच्या कुसळाने) किंवा धुळीच्या कणानेही बिघडतं. फेस फुगीर असेल तर नग प्लेटवर पाटासारखा डुगडुगतो, मग कोणती स्थिती खरी धरायची? अमेरिकन मानकाच्या 1994च्या गणिती व्याख्येत अशा वेळी अनेक डेटम चालत होते. 2019च्या आवृत्तीने प्रतलासाठी एकच उत्तर ठरवलं: बाहेरूनच टेकायचं, पण लीस्ट स्क्वेअरच्या नियमाने. मी ज्या गणिताला शिव्या घालत होतो, तेच तिथे धातूबाहेर राहण्याची अट घेऊन उभं आहे.

शेवटी त्या इन्स्पेक्टरनेच पूर्ण फेस स्कॅन केला आणि प्रतल उंच बिंदूंवर बसवलं. आकडा मर्यादेच्या आत आला, लॉट स्वीकारला गेला. लॉट परत करताना ग्राहकाने काढलेली डेबिट नोट मात्र मागे घेतली गेली नाही. सॉर्टिंगचा आणि वाहतुकीचा खर्च मालकांच्याच बिलातून कापला गेला, आणि पुढची ऑर्डर जाऊ नये म्हणून ते गप्प राहिले. हा अन्याय होता, आणि तो मशीनने केला नव्हता.

म्हणून जॉबवर्क घेणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे. ऑर्डर स्वीकारतानाच विचारा: डेटम फेसवर किती बिंदू घेणार, कुठे घेणार, प्रतल कोणत्या पद्धतीने बसवणार? उत्तर इन्स्पेक्शन प्लॅनमध्ये लिहून घ्या आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या.