इंद्रवेल्लीची चार अक्षरं

पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरलं की पाट्या तेलुगूत दिसू लागतात, पण कानावर मराठी पडतच राहते. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू एकमेकींत सहज मिसळतात. अशा मुलखातल्या गावांची नावं संगणकाच्या हवाली होतात, तेव्हा मला त्यांची काळजी वाटते.

इंद्रवेल्ली हे नाव घ्या. वाचणाऱ्याला त्यात ४ अक्षरं दिसतात: इं, द्र, वे, ल्ली. संगणक मात्र ती ११ चिन्हं म्हणून साठवतो. अनुस्वार वेगळा, मात्रा वेगळी, पाय मोडण्याची खूणही वेगळी. तेलुगूत लिहिलं तरी हिशेब ११ चाच. आता एखाद्या प्रोग्रामला सांगा, पहिली ४ चिन्हं काढून दे. तो 'इंद्' एवढंच हातावर ठेवतो. पाय मोडलेला द इकडे, त्याचा र तिकडे. आदिलाबादमधली पहिली २ मागा, तर 'आद' मिळतं आणि वेलांटी मागे उरते, ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाला चिकटून. ही ऱ्हस्व वेलांटी दिसते द च्या आधी, पण साठवणीत ती द च्या नंतर येते. तिथे क्रम उच्चाराचा आहे.

याच जिल्ह्यातल्या गुंजाला गावात गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखितं मिळाली. हैदराबाद विद्यापीठातल्या जयधीर तिरुमल राव यांच्या चमूने ती उजेडात आणली. २०१८ साली ही लिपी 'गुंजाला गोंडी' या नावाने युनिकोडात, म्हणजे लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, आली; पण तिला जागा मिळाली पहिल्या ६५,५३६ घरांच्या पलीकडे. जावास्क्रिप्टसारखी प्रोग्रामिंगची भाषा मजकूर १६ बिटांच्या तुकड्यांत मोजते. देवनागरीचं एक चिन्ह एका तुकड्यात मावतं; गुंजाला गोंडीच्या प्रत्येक चिन्हाला दोन तुकडे लागतात. भलत्या जागी कापलं, तर मात्रा सुटण्याची गोष्ट दूरच, मूळ अक्षरच दुभंगतं आणि पडद्यावर निरर्थक चौकट उमटते. इतक्या कष्टाने हाती आलेल्या लिपीची अशी शकलं होऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

उपाय आहेत. जावास्क्रिप्टमध्ये अख्खी अक्षरं ओळखणारं सेगमेंटर हे साधन आहे. स्विफ्ट ही प्रोग्रामिंगची भाषा तर मुळातच तशी मोजणी करते. २०२३ च्या युनिकोड १५.१ ने देवनागरी आणि तेलुगूतली जोडाक्षरं मधोमध तोडू नयेत, असा नियमही घातला. उरलं आहे ते लिहिणाऱ्याचं भान. मजकुराचा तुकडा काढायचा, तर वाचणाऱ्याची नजर जिथे अक्षर सुटं करते तिथेच कापावं.

म्हणून असे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: चाचणीला नुसतं इंग्रजी नाव घेऊ नका. इंद्रवेल्ली घ्या, आदिलाबाद घ्या, गुंजाला लिपीतला एखादा शब्द घ्या. या जिल्ह्यात जे टिकेल, ते बहुतेक ठिकाणी टिकेल.