आई-बाबांना घेऊन केरळ? सरकारी बोट पकडा!

केरळ म्हटलं की ऑफिसातला प्रत्येक जण एकच सल्ला देतो, आलेप्पीला हाऊसबोट बुक कर. करा की! भात वाहणाऱ्या, खिळा न ठोकता काथ्याने शिवलेल्या जुन्या केट्टुवळ्ळमचाच तो एसी अवतार. पण सोबत आई-बाबा असतील तर एक सकाळ आलेप्पी-कोट्टायम सरकारी बोटीसाठी ठेवाच. तिकीट किरकोळ, प्रवास साधारण अडीच तासांचा. धक्क्याधक्क्यावर शाळेची पोरं, भाजीच्या पिशव्या चढतात-उतरतात.

आणि मग कुट्टनाड. पाणी वर, भातशेती खाली! समुद्रसपाटीच्याही खाली. बांध घालून, पाणी उपसून माणसांनी मिळवलेली जमीन. २०१८च्या महापुरात हा सगळा भाग बुडाला होता. आमचे बाबा पेणच्या खारेपाटातले. बांध फुटला की काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको. एरवी गप्प असणारे बाबा अख्खी बोटभर आजोबांच्या शेताबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी अंबलप्पुळाचं कृष्णमंदिर गाठा. पुरुषांनी शर्ट काढूनच आत जायचं, सो जिमवाल्यांची चैन! तिथलं पालपायसम म्हणजे दूध, तांदूळ, साखर, बस्स. मोठा डबा न्या.