माहेरच्या वाटेची सायकल

जंजिऱ्याच्या मुरुडहून किनाऱ्या-किनाऱ्यानं गुहागर तालुक्यात जायचं तर वाटेत तीन मोठ्या खाड्या आडव्या येतात. आगरदांडा ते दिघी ही राजपुरीची खाडी, बागमांडला ते वेशवी ही बाणकोटची आणि दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीची. तिन्ही ठिकाणी फेरीबोट आहे. माणसं, मोटारसायकली, गाड्या, टेम्पो, सगळं तिच्यावर चढतं आणि पलीकडे उतरतं. मधला रस्ता कधी वाळूला लागून जातो, कधी जांभ्याच्या सड्यावर चढतो आणि लगेच पुढच्या खाडीपर्यंत खाली येतो.

माझं सासर आणि शाळा मुरुड तालुक्यात, माहेर धोपाव्याच्या बाजूला. एसटीनं जायचं तर मुंबई-गोवा महामार्गावर जाऊन चिपळूणमार्गे लांबचा वळसा. इतकी वर्षं तोच घातला. गेल्या वर्षी मात्र ठरवलं की दिवाळीच्या सुट्टीत किनाऱ्यानं सायकलवर जायचं, तीन दिवसांत. सोबतीला अकरावीतला मुलगा, त्याची स्वतःची सायकल घेऊन. भिशीचे २५ हजार रुपये माझ्या सायकलसाठी बाजूला ठेवले.

धाकट्या भावाचा लगेच फोन आला. "आपा, हे वय आहे का? एसटीनं ये ना!" वय तेव्हा ४४. मी चिडले नाही, पण एक गोष्ट मनाशी पक्की झाली. वाटेत सायकल मोडून पडली आणि 'गाडी घेऊन ये' असा एक फोन भावाला गेला, तर हा विषय आमच्या घरात कायमचा मिटणार. माझ्याच नव्हे, मागून येणाऱ्या मुलींच्या बाबतीतही. म्हणून सायकल दिसायला कशी यापेक्षा ती घरापर्यंत पोहोचवेल का, हा एकच प्रश्न धरून मी एकेक वस्तू निवडली.

मुलाचं म्हणणं, शॉकअपवाली तयार सायकल घ्यावी. दुकानात जाऊन आम्ही पाहिल्याही. पण माझी उंची ५ फूट १ इंच. मोठ्या चाकांच्या बहुतेक सायकलींवर बसल्यावर हँडल लांब पडायचं आणि वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागायचा. लहान फ्रेमला मोठं चाक बसवलं की ही अडचण येतेच. म्हणजे मला २६ इंची चाकाची लहान फ्रेम हवी होती. शॉकअपचंही गणित जमेना. तो वजन वाढवतो, चढावर पायाचा जोर थोडा गिळतो, आणि खाऱ्या हवेत त्याच्या आतल्या दांड्या गंजल्या तर खेड्यात दुरुस्त करणारा मिळणं कठीण. साधा पोलादी चिमटा असला की बिघडायला त्यात फारसं काही नसतं.

आमच्या गावचे सायकलवाले चाचा म्हणाले, "टीचर, नवी घेऊ नका, जोडून घ्या." त्यांच्याकडे जुनी, बिनशॉकअपची पोलादी फ्रेम पडून होती. लहान मापाची, वरचा दांडा मागे उतरत गेलेला. लेडीज फ्रेम घ्यावी का, हा विचार मीही केला होता. पण वरचा दांडा नसलेली फ्रेम मागे ओझं लादल्यावर डुलते. उतरता दांडा असला की सलवार-कुर्त्यात चढता-उतरता येतं आणि फ्रेमचा त्रिकोणही शाबूत राहतो. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिल्यावर दांडा आणि आपण यांत दोन-तीन बोटांची मोकळी जागा उरली पाहिजे. ती उरली.

जुनी फ्रेम घेताना चाचांनी एक परीक्षा दाखवली, ती कोणालाही घरी करता येईल. मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या एका खाचेला दोरा बांधायचा, तो पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत आणायचा आणि ताणायचा. मग सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजायचं. सारखं भरलं तर फ्रेम सरळ, नाही तर कुठंतरी वाकलेली. आमचं सारखं भरलं. नंतर सांधे पुसून त्यांत बारीक चीर आहे का ते पाहिलं, नळीत गंजाचा भुगा आहे का ते पाहिलं. मागच्या खाचेची रुंदी १३० मिलिमीटर भरली, नव्या हबला १३५ लागते. पोलादाला एवढी ओढ चालते. ॲल्युमिनियमची फ्रेम असती तर हा प्रयोग केला नसता. ॲल्युमिनियम हलकं असतं हे खरं, पण त्याला तडा गेला तर गावातला वेल्डिंगवाला हात लावत नाही.

पैशांतला सर्वांत मोठा वाटा चाकांना दिला. ओझ्याची सायकल बहुधा मागच्या चाकात हार खाते, कारण बहुतेक भार तिथंच असतो. म्हणून मागे ३६ आऱ्यांचं चाक आणि आरे स्टेनलेस, खाऱ्या वाऱ्यासाठी. हब कॅसेटचा घेतला. साध्या गिअरच्या फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचं बेरिंग आत राहतं, एक्सलचा बराच भाग आधाराविना बाहेर उरतो आणि ओझ्यानं वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये ते बेरिंग फ्रेमजवळ असतं, म्हणून एक्सल टिकतो.

टायरबाबत वाचकांना एक सावधगिरी सांगते. टायरवर नुसतं '२६' वाचून फसू नये. पोरांच्या गिअरच्या सायकलला २६ × १.७५ लागतो, लेडीज सायकलला २६ × १ ३/८. दोन्ही '२६'च, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत मिलिमीटरचा आकडा असतो, तोच खरा. पहिल्याचा ४७-५५९, दुसऱ्याचा ३७-५९०. मी पहिला घेतला, कारण ती ट्यूब आता लहान गावांतही मिळते आणि रुंद टायर वाळूत कमी रुततो. वॉल्व्ह मुद्दाम मोटारसायकलसारखा निवडला. पंक्चरच्या कुठल्याही दुकानात हवा भरता येते.

दुसरा वाटा गिअरला. पुढे ४२, ३२ आणि २२ दातांची तीन चक्रं, मागे ११ पासून ३४ पर्यंत. सर्वांत हलका गिअर म्हणजे पुढे २२ आणि मागे ३४. त्यात पायडलच्या एका फेऱ्याला सायकल सुमारे १.३ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी पावणेपाच किलोमीटर, म्हणजे चालण्याइतकाच, पण बसून आणि ओझ्यासकट. आमच्या अब्बांच्या जुन्या काळ्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दात होते. तिचा एक फेरा साडेपाच मीटरच्या आसपास. चढावर त्याच वेगानं जायचं तर मिनिटाला जेमतेम १४ फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला सगळा भार गुडघ्यावर. पुरुष उभे राहून दामटतात, मग उतरून ढकलतात. चाळिशीनंतरच्या गुडघ्यांसाठी मागचं मोठं चक्र ही चैन म्हणता येणार नाही.

ब्रेक साधेच, रिमला रबर लागणारे. तारेचे डिस्क ब्रेकही चांगले, पण या ब्रेकची तार आणि रबर खेड्यात सापडतात. कॅरियर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पोलादी करून घेतला. पिशव्या दोन्ही बाजूंना, जितक्या खाली तितक्या बऱ्या, आणि पायडल मारताना टाच त्यांना लागणार नाही इतक्या मागे. त्या पिशव्या ओढणीलाही चाकापासून लांब ठेवतात. पुढच्या चक्राला बाहेरून गार्ड बसवला, म्हणजे सलवार चेनमध्ये जात नाही. सीटची उंची टाचेनं ठरवली. पायडल तळाला असताना त्यावर टाच ठेवावी, पाय सरळ झाला पाहिजे. फ्रेमच्या नळीत तेल ओतून सायकल उलटसुलट फिरवली, प्रत्येक स्क्रूला ग्रीस लावलं. सगळं धरून भिशीच्या पैशांत बसलं. सर्वांत कमी खर्च फ्रेमचा झाला.

नोव्हेंबरच्या एका सकाळी आगरदांड्याला बोटीत चढलो. जेट्टीचा उतार शेवाळलेला असतो, तिथं सायकल हातात धरूनच न्यावी. बोटीत ती स्टँडवर घसरू नये म्हणून ब्रेकच्या दांडीला रबराचं कडं घालून ब्रेक आवळून ठेवला. दिघीहून दिवेआगर आणि तिथून आरावीमार्गे श्रीवर्धन. या वाटेवर उजव्या हाताला समुद्र इतका जवळ येतो की भरतीचा आवाज कानात बसतो. श्रीवर्धनला मुक्काम. अम्मीसाठी तिथली रोठा सुपारी घेतली आणि पिशवीचं वजन वाढवलं.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला बोट, पलीकडे वेशवी. इथून खरा चढ. मुलगा उभा राहून पुढे गेला आणि वळणावर धापा टाकत थांबला. मी २२-३४ वर बसल्या बसल्या त्याच्यापर्यंत पोहोचले. "मम्मी, तू थांबत कशी नाहीस?" मी म्हटलं, "दात मोज." त्यानं खरंच मोजले. केळशी, आडे, पाडले करत अंजर्ले गाठलं, खाडीच्या पुलावरून हर्णैला आलो. बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता. टोपल्यांभोवती बायकांचा घोळका, पाण्यात सुवर्णदुर्ग. रात्री तिथंच राहिलो.

तिसरा दिवस कठीण. कर्दे, लाडघर, बुरोंडी आणि मग कोळथऱ्याकडचे चढ-उतार. कोळथरं मागे टाकल्यावर एका चढावर मागून 'टण्' असा आवाज आला आणि चाक डुलू लागलं. आरा तुटला होता, तोही गिअरच्या बाजूचा. मनात पहिला आला तो भावाचा फोन. पण ३५ आरे शाबूत होते. ब्रेक मोकळा केला, तुटलेला आरा शेजारच्या आऱ्याला गुंडाळला आणि हळूहळू पुढच्या गावापर्यंत आलो. तिथं पंक्चरचं एक दुकान होतं.

गिअरच्या बाजूचा आरा बसवायचा तर कॅसेट काढावी लागते. ती खोलण्याचा पाना खेड्यात सापडणार नाही म्हणून तेवढा एक मी बरोबर घेतला होता, आणि नेमक्या मापाचे तीन आरे. उजव्या आणि डाव्या बाजूच्या आऱ्यांची लांबी वेगळी असते, ते चाचांनी वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं बांधून दिले होते. कॅसेट धरून ठेवायला वेगळं हत्यार लागतं. दुकानदारानं जुन्या चेनचा तुकडा एका लोखंडी पट्टीला अडकवला आणि तेच हत्यार बनवलं. अर्ध्या तासात आरा बसला, चाकाचा आऊट निघाला. म्हणाला, "ताई, असलं चाक पहिल्यांदाच खोललं. पण आहे आपलंच, छर्रे आणि तारा."

दाभोळला पोहोचलो तेव्हा असरची अजान होत होती. खाडीकाठी आदिलशाही काळातली घुमटाची दगडी मशीद आहे. पंधराव्या शतकात घोडा विकायला आणलेला रशियन प्रवासी अफनासी निकितीन चौलला उतरला होता आणि परतीच्या जहाजात बसला तो या दाभोळ बंदरातून. मुलाला हे सांगितलं. त्यानं विचारलं, "मग घोडा विकला गेला का?" तोवर बोट लागली.

धोपाव्याच्या जेट्टीवर भाऊ उभा होता. शेजारी गाडी, डिकी उघडी. मी म्हटलं, "पिशव्या ठेव तुझ्या गाडीत, सायकल मी चालवत नेते." शेवटचा चढ रिकाम्या सायकलनं सोपा गेला. अम्मीनं दारातच सुपारीची पिशवी हातात घेतली, वास घेतला आणि मग सायकलकडे पाहिलं. "एवढ्या लांबून हीच आली?" दुसरं काही बोलली नाही, पण संध्याकाळी शेजारच्या खालांना तिनं सायकल दोनदा दाखवली.

जेवणानंतर भावानं सायकल उचलून पाहिली, गिअर फिरवून पाहिले. मग हळूच विचारलं, "आपा, असली जोडायला किती लागले?" त्याची मुलगी आठवीत आहे, शाळा चढाच्या पलीकडे, रोज रिक्षानं जाते. ती दाराआडून ऐकत होती. मी तिला बाहेर बोलावलं, चप्पल काढून भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि अम्मीच्या शिवणाच्या डब्यातली टेप मागवली. आधी पायाचं माप, मग फ्रेम.